विदर्भाच्या लेकींची लग्ने

अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर आहे. रुक्मिणीचे माहेर ही गावाची ओळख. दमयंती, अगस्त्यांची लोपामुद्रा, रघुवंशातली इंदुमती याही विदर्भाच्याच लेकी. जुन्या वाङ्मयातल्या इतक्या नायिका आपल्या मुलखातून सासरी गेल्या आणि लग्नात त्यांचा शब्द चालला, हे मला फार मोलाचे वाटते.

प्रत्येकीची परिस्थिती मात्र निराळी. लोपामुद्रेला मागणी आली तेव्हा राजाला मुलगी द्यायची नव्हती, पण ऋषीच्या शापाचे भय होते. महाभारतात ती स्वतःच बापाला सांगते, मला त्यांना देऊन टाका. हा होकार बापाला वाचवण्यासाठीचा. दमयंतीने चार देव नळाचे रूप घेऊन उभे असतानाही खऱ्या नळालाच माळ घातली.

रुक्मिणीची सोयरीक तिच्या भावाने, रुक्मीने, शिशुपालाशी ठरवली होती. भागवतातले तिचे पत्र सात श्लोकांचे आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी मी देवीच्या दर्शनाला बाहेर पडेन, तिथून मला घेऊन जा, असा पक्का बेत त्यात ती कृष्णाला कळवते.

ही कथा मराठीत गायली गेली ती तेराव्या शतकात, रिद्धपुरात. महानुभाव पंथाचे गुरू गोविंदप्रभू यांनी लहान मुलासारखा हट्ट धरला, माझे लग्न करा. भक्तांनी सोहळा मांडला आणि महदाइसेने रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे, म्हणजे लग्नगाणी, रचून म्हटले. मराठीची आद्य कवयित्री म्हणून तिचे नाव सगळे घेतात. ती बालविधवा होती, हे तेवढ्याच ठळकपणे सांगायला हवे. हळदीच्या वेळी विधवेला मागे थांबवायची रीत आमच्या खेड्यांतून अजून पुरती गेलेली नाही. आणि मराठीतली ही जुनी लग्नगाणी एका विधवेच्या तोंडून आली!

पुढे महानुभाव कवी नरेंद्रानेही ‘रुक्मिणीस्वयंवर’ लिहिले. पण घरोघरी पोचली ती एकनाथांची पोथी. १५७१ साली काशीत पुरी झालेल्या या १८ प्रसंगांच्या ग्रंथात नाथांनी लग्नाला जीवशिवाच्या मीलनाचा अर्थ दिला. लोकांनी त्याला आपली गरज जोडली. लग्न जुळावे म्हणून उपवर मुलींना आजही हीच पोथी वाचायला बसवतात. त्या पोथीतली नवरी भावाने ठरवलेले स्थळ नाकारते, आणि घरात पारायण चालू असताना वाचणाऱ्या पोरीला तिच्या मनातले विचारायचेच राहून जाते, याचे मला फार वाईट वाटते.