दारफळणीचा सण

२०२५ साली दसरा आणि ज्यूंचा प्रायश्चित्ताचा दिवस योम किप्पूर एकाच दिवशी आले, २ ऑक्टोबरला. त्यात नवल नाही. ज्यूंचे महिनेही चंद्रावरच चालतात आणि त्यांच्या तिश्री महिन्याचा दहावा दिवस शुद्ध दशमीच्या आसपासच पडतो, आश्विनात किंवा कधी भाद्रपदात. फरक असा की दसऱ्याला माणसं सोनं वाटायला घराबाहेर पडतात, आणि कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, योम किप्पूरला दारं लावून घरात बसत. त्यांनी नावच ठेवलं होतं 'दारफळणीचा सण'.

अलिबागच्या बाजूला तेलाचे घाणे चालवणारी ही माणसं. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. हिब्रू विस्मरणात गेलेली, धर्मग्रंथाची गुंडाळी जवळ नाही, प्रार्थनांपैकी 'शमा' तेवढी ओठांवर. तरीही पांढरे कपडे घालून उपास व्हायचा, त्या दिवशी परक्याचा स्पर्शही नको असायचा.

मुळात हा दिवस जेरुसलेमच्या मंदिराचा. बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात सगळा विधी आहे. महायाजकाने साधी तागाची वस्त्रं घालून परमपवित्रस्थानाच्या पडद्याआड जायचं. तिथे जाण्याची मुभा वर्षातून या एकाच दिवशी. दोन बोकडांवर चिठ्ठ्या टाकायच्या. एकाचा बळी, आणि दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून लोकांची पापं त्याच्यावर घालायची नि त्याला रानात हाकलायचं.

इ. स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर पाडलं. ना याजक उरला, ना बोकड. उरला तो सुमारे पंचवीस तासांचा निर्जळी उपास आणि प्रार्थना. स्नान, तेल लावणं, शरीरसंबंध वर्ज्य. चामड्याची पादत्राणंही नकोत, म्हणून सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहात, त्या दिवशी भरजरी पोशाखाखाली कापडी बूट दिसतात. मिश्नाने, म्हणजे ज्यूंच्या जुन्या धर्मनियमांच्या संग्रहाने, एक अट मात्र रोखठोक घातली: देवाचा अपराध हा दिवस धुऊन काढील, माणसाचा नाही. शेजाऱ्याचे पैसे बुडवले असतील तर आधी त्याची समजूत काढा. नुसती छाती बडवून भागत नाही.

आदल्या संध्याकाळी 'कोल निद्रे'. ही खरं तर प्रार्थना नाहीच. देवापुढे केलेले नवस-शपथा रद्द करण्याचा अरामी भाषेतला कायदेशीर मजकूर आहे, पण चाल अशी की गळा दाटून यावा. शेवट दुसऱ्या दिवशी मावळतीला 'नेईला' या प्रार्थनेने. नेईला म्हणजे मिटणं, दरवाजे बंद होणं. ग्रंथांचं कपाट उघडं, लोक उपाशीपोटी उभे, आणि मग एडक्याच्या शिंगाचा, शोफारचा, एकच लांब नाद.

बेने इस्राएलांचं मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी बांधलं. मराठीत ते त्याला मशीदच म्हणत. तिथे नेईला आली, पण घरातलं जुनं नाव काही लगेच गेलं नाही. दारफळणीच्या दुसऱ्या दिवसालाही नाव होतं, 'शिळा सण'. दारं उघडायची, गोरगरिबांना दान द्यायचं आणि नातेवाइकांकडे जायचं.