दादासाहेब गायकवाड

भाऊराव कृष्णाजी गायकवाड म्हणजेच कर्मवीर दादासाहेब, १९५७ ते ६२ नाशिकचे खासदार आणि मग १९६२ ते ६८ राज्यसभेत. जन्म १५ ऑक्टोबर १९०२, दिंडोरी तालुक्यातलं आंबे गाव. भाभानगरच्या सभागृहामुळे नाव नाशिककरांच्या तोंडी असतं, पण माणूस कोण होता विचारलं की बहुतेकांची गाडी काळारामाच्या पुढे जात नाही.

काळारामचं काम मोठंच होतं म्हणा. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली पंचवटीत काळाराम मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह सुरू झाला, दुसऱ्या दिवशी १२५ पुरुष आणि २५ बायकांची पहिली तुकडी देवळाच्या चारी दरवाजांवर जाऊन बसली, आणि पुढे बाबासाहेब मुंबईला नाहीतर गोलमेज परिषदेसाठी लंडनला असताना माणसं जमवायची, पैसा उभा करायचा, मार खायचा, जेलमध्ये जायचं हा रोजचा गाडा इथं दादासाहेबांनीच ओढला. बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेली पत्रं पुढे छापली गेली. मार्च १९३४ च्या पत्रात त्यांनी साफ लिहिलंय की देवळाचा लढा आपल्या लोकांना मूर्तिपूजक बनवायला नव्हता, त्यांना जागं करायला होता.

१९३७ ला ते मुंबई विधानसभेत गेले. पण दादासाहेबांचा खरा विषय जमीन, आणि माझ्या मते त्यांच्या खासदारकीकडे तिथूनच बघायला पाहिजे. १९५७ ला संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनकडून निवडून आले, त्याच वर्षी फेडरेशनच्या जागी रिपब्लिकन पक्ष निघाला, आणि १९५९ मध्ये मराठवाडा, खानदेश, नाशिक भागात त्यांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. मागणी सरळ होती, सरकारी पडीक जमीन पडून आहे ना, मग ती कसायला द्या. यात कम्युनिस्टही सोबत होते, आणि पक्षातल्या शिकलेल्या मंडळींना नेमकं तेच खटकलं. बी. सी. कांबळ्यांचा गट 'दुरुस्त' आणि दादासाहेबांचा 'नादुरुस्त' अशी फूट पडली, धोतरवाले विरुद्ध सुटाबुटातले अशी टिंगलही झाली. धोतरवाला माणूस खेड्यातल्या मजुराला आपला वाटायचा, हे टिंगल करणाऱ्यांच्या लक्षात आलं नसावं.

मोठा लढा ६ डिसेंबर १९६४ पासून, देशभर, तेव्हा दादासाहेब राज्यसभेत होते. पंतप्रधान शास्त्रींना दिलेल्या मागण्यांत जमीन होती, किमान मजुरी होती, बौद्धांना सवलती होत्या आणि संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये बाबासाहेबांचं तैलचित्र होतं. जेलभरो इतका झाला की अटक झालेल्यांचा आकडा लाखांत गेला. तैलचित्र लागलं ते १९९० ला, केंद्रात बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलतीही त्याच वर्षी मिळाल्या!

१९६७ मध्ये त्यांनी काँग्रेसशी, म्हणजे यशवंतराव चव्हाणांशी, समझोता केला. हेच चव्हाण संरक्षणमंत्री झाल्यावर १९६३ च्या पोटनिवडणुकीत नाशिकमधून बिनविरोध खासदार झाले होते. या समझोत्यावरून दादासाहेबांवर टीका झाली, आणि ती अगदीच बिनबुडाची नव्हती, कारण त्यानंतर काँग्रेसच्या मागे जायची सवय पक्षाला लागलीच.

१९६८ ला पद्मश्री. २९ डिसेंबर १९७१ ला दिल्लीत निधन. राज्य सरकारची त्यांच्या नावाची सबळीकरण व स्वाभिमान योजना आहे, भूमिहीन अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत. अडचण अशी की जमीन सरकारने विकत घेऊन द्यायची असते, आणि सरकारी दरात विकायला शेतकरी सहसा तयार होत नाही.