ला फाँतेन, झां द

(बाप्तिस्मा ८ जुलै १६२१ – १३ एप्रिल १६९५). फ्रेंच कवी, पद्यात रचलेल्या प्राणिकथांसाठी ख्यातनाम. शांपान्य प्रांतातील शातो-त्येरी या गावी जन्म. वडील सरकारी जंगले व जलाशयांवरचे अधिकारी. धर्मगुरू व्हायचे म्हणून तो १६४१ मध्ये ओरातोरी या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघात दाखल झाला आणि दीडेक वर्षात बाहेर पडला. १६४७ मध्ये मारी एरिकारशी त्याचे लग्न झाले, तेव्हा ती चौदा वर्षांची होती. त्यांना एक मुलगा झाला, पण संसारात तो कधी रमला नाही. मिळकतीबरोबर मुद्दलही खाऊन आला तसाच गेला, असा मृत्युलेख त्याने स्वतःच स्वतःसाठी लिहून ठेवला होता.

त्याचे बहुतेक आयुष्य आश्रयदात्यांच्या घरी गेले. पहिला मोठा आश्रयदाता म्हणजे चौदाव्या लुईचा अर्थमंत्री निकोला फूके. १६६१ मध्ये राजाने फूकेला कैद केले, तेव्हा दरबारातल्या अनेकांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. ला फाँतेनने मात्र त्याच्यासाठी दयेची याचना करणारी कविता लिहिली. राजाची त्याच्यावर मर्जी बसली नाही, त्यामागे हे एक कारण असावे. दुसरे कारण त्याच्या शृंगारिक पद्यकथा. १६८३ मध्ये फ्रेंच अकादमीने त्याची निवड केली, पण राजाने ती अडवून धरली. पुढच्या वर्षी राजाच्या आवडीचा कवी-समीक्षक ब्वालो निवडून आला, तेव्हाच ला फाँतेनचा मार्ग मोकळा झाला. १६७३ पासून सुमारे वीस वर्षे त्याला मादाम द ला साब्लिएर हिचा आश्रय होता. औरंगजेबाच्या काळात हिंदुस्थानात राहून गेलेला फ्रांस्वा बर्निए तिच्याच गोतावळ्यातला.

प्राणिकथांचा पहिला संग्रह (सहा भाग, १६६८) त्याने सहा वर्षांच्या युवराजाला अर्पण केला. त्यात मुख्यतः इसापची सामग्री आहे. दुसरा संग्रह (१६७८–७९) अधिक प्रौढ. यातील बहुतेक कथा आपण ‘पिलपे’ या भारतीय ऋषीकडून घेतल्या, असे तो प्रस्तावनेतच कृतज्ञतेने सांगतो. पिलपे म्हणजे बिदपाई. पंचतंत्र अरबी-फार्सीमार्गे फ्रेंचमध्ये पोहोचले होते, ते याच नावाने. बारावा भाग १६९४ चा. एकूण कथा सुमारे दोनशे चाळीस.

दोन हंसांनी काठीला धरून नेलेल्या कंबुग्रीव कासवाची गोष्ट मराठी वाचकाला लहानपणापासून ठाऊक असते. तिथे तळे आटत चालले आहे, म्हणून कासवाला निघावे लागते. ला फाँतेनच्या कासविणीला मात्र घरबसल्या कंटाळा आलाय, तिला जग पाहायचे आहे. बदके तिला थेट अमेरिकेला नेण्याचे आमिष दाखवतात. खाली लोक ओरडतात, ‘पाहा, कासवांची राणी चालली!’ आणि ती उत्तरते, ‘राणी? हो, आहेच मी!’ जीव जातो तो नुसत्या बडबडीपायी नव्हे, स्तुती खरी मानल्यामुळे. गोष्ट उसनी असली, तरी हा खोचक बदल खास त्याचा.

त्याची खरी करामत लयीत आहे. लांब-आखूड ओळी तो एकाच कवितेत मिसळतो. प्लेगने पछाडलेल्या प्राण्यांच्या कथेत सिंह आपली पापे कबूल करतो: मेंढ्या तर खाल्ल्याच, कधीकधी खाल्ला तो... आणि पुढच्या ओळीत एकच शब्द, ‘मेंढपाळ’. सगळी सभा त्याची वाहवा करते. फाशी मात्र जिभेएवढ्या रुंदीचे गवत खाणाऱ्या गाढवाला.

अठराव्या शतकातला विचारवंत रूसो याला या कथा मुलांच्या हाती देणे धोक्याचे वाटे. मुले फसलेल्या कावळ्याकडून धडा घेण्याऐवजी कोल्ह्याच्या बाजूने होतात, अशी त्याची तक्रार होती. ती अगदीच चुकीची नव्हे.

गंभीर आजारानंतर १६९३ मध्ये ला फाँतेनने शृंगारिक कथांबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. पॅरिसमध्ये तो वारला, तेव्हा त्याच्या अंगावर प्रायश्चित्त म्हणून घालायचे केसाळ वस्त्र सापडले. शातो-त्येरी येथील त्याच्या जन्मघरी आता संग्रहालय आहे. लाहोरचा चित्रकार इमामबख्श याने एकोणिसाव्या शतकात एका फ्रेंच संग्राहकासाठी काढलेली या कथांची चित्रे तिथे जपलेली आहेत.