तोच अहवाल पुन्हा पुन्हा: अमेरिकेतले पोलीस, वर्णभेद आणि दंगलींमागची शंभर वर्षं

२०२० च्या मे महिन्यात आपण सगळे लॉकडाऊनमध्ये घरात अडकलेलो असताना अमेरिकेतल्या मिनियापोलिसचा, पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा जीव गेल्याचा तो व्हिडिओ आला, तीन दिवसांत जळत्या पोलीस ठाण्याचे फोटोही आले, आणि आमच्या घरच्या ग्रुपवर पहिला प्रश्न पडला तो हाच की झालं ते वाईटच, पण मग दुकानं कशाला जाळायची? विचारणाऱ्या काकांचा प्रश्न अगदी प्रामाणिक होता. मला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. नंतर बरंच वाचत गेले आणि लक्षात आलं की हा प्रश्न अमेरिकेने स्वतःलाच कितीतरी वेळा विचारलाय, तोही अधिकृतपणे, आयोग नेमून, साक्षी घेऊन, जाडजूड अहवाल छापून. आणि उत्तर दरवेळी जवळपास तेच आलंय.

सुरुवात खूप मागे जाते. दक्षिणेत कॅरोलायना वसाहतीत १७०४ च्या सुमाराला गुलामांवर पाळत ठेवणारी गस्ती पथकं कायद्याने उभी राहिली. मळ्याबाहेर एखादा गुलाम दिसला की त्याच्याकडे मालकाची चिठ्ठी आहे का बघायचं, नसेल तर फटके मारून परत पाठवायचं, हे त्यांचं काम. उत्तरेतले पोलीस वेगळ्या वाटेने आले, बॉस्टनला १८३८ मध्ये पगारी पोलीस नेमले ते मुख्यतः बंदराचं शहर सांभाळायला, म्हणून अमेरिकेतले सगळे पोलीस थेट गुलामांच्या पहाऱ्यातून आले असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. पण दक्षिणेत तो धागा सरळ दिसतो. १८६५ ला गुलामगिरी घटनेने बंद झाली खरी, पण त्याच दुरुस्तीत ‘गुन्ह्याची शिक्षा म्हणून सोडून’ अशी फट ठेवलेली होती, मग राज्यांनी ‘रिकामटेकडं फिरणं’ हा गुन्हा ठरवला, पोलिसांनी कृष्णवर्णीयांना धरायचं, कोर्टाने दंड ठोठवायचा, आणि दंड भरता आला नाही की कैदी म्हणून खाणीत नाहीतर शेतावर भाड्याने द्यायचं. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना, आणि त्याच काळात तिकडे दक्षिणेत हे मागच्या दाराने पुन्हा सुरू होत होतं, हे वाचल्यावर मला खूप वेळ काही सुचलं नाही.

मग लाखो कृष्णवर्णीय उत्तरेकडे निघाले, शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्क. आणि खरी गोष्ट शिकागोला सुरू होते. २७ जुलै १९१९, रविवार, कडक उन्हाळा. मिशिगन सरोवराच्या किनाऱ्यावर गोऱ्यांची बाजू आणि कृष्णवर्णीयांची बाजू अशी रेघ होती, कागदावर नव्हती पण सगळ्यांना माहीत होती. युजीन विल्यम्स नावाचा १७ वर्षांचा मुलगा तराफ्यावर तरंगत तरंगत ती रेघ ओलांडून गेला, किनाऱ्यावरून एक गोरा माणूस दगड मारत होता, मुलगा बुडाला. लोकांनी तिथल्या गोऱ्या पोलिसाला त्या माणसाकडे बोट दाखवून सांगितलं की हा बघा, याला धरा. त्याने धरलं नाही. एवढंच. त्यानंतरच्या दिवसांत ३८ माणसं मेली, २३ कृष्णवर्णीय आणि १५ गोरी, पाचशेच्या वर जखमी झाली, आणि घरं जळली ती तर हजारभर कुटुंबांची. गव्हर्नरने सहा गोरे आणि सहा कृष्णवर्णीय असा बारा जणांचा आयोग नेमला, त्याने १९२२ मध्ये सातशेच्या आसपास पानांचा अहवाल दिला, घरं, नोकऱ्या, शाळा, पेपरातल्या बातम्या, पोलीस, कोर्ट सगळं तपासून. पोलीस दोन्ही बाजूंना सारखं वागवत नाहीत, अटक करताना भेदभाव होतो, वस्त्यांची अवस्था वाईट आहे, हे सगळं त्यात स्वच्छ लिहिलंय.

हा पहिला. दुसरा हार्लेमचा, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीचा. मार्च १९३५ मध्ये एका दुकानात पोरगा छोटा चाकू चोरताना सापडला, त्याला सोडूनही दिलेलं होतं, पण पोलिसांनी मारून टाकला अशी अफवा पसरली आणि रात्रभर काचा फुटल्या. अफवा खोटी होती. पण ती एका तासात खरी का वाटली, हा प्रश्न तिथल्या महापौराने नेमलेल्या आयोगाने विचारला, आणि उत्तर आलं की इथल्या माणसाला पोलिसांकडून असंच होणार हे अनुभवाने माहीत आहे, म्हणून. महापौरांना तो अहवाल एवढा झोंबला की त्यांनी छापलाच नाही, शेवटी हार्लेमच्याच एका कृष्णवर्णीय वर्तमानपत्राने १९३६ मध्ये छापला. १९४३ मध्ये हार्लेम पुन्हा पेटलं, पोलिसाने एका कृष्णवर्णीय सैनिकाला गोळी घातली म्हणून, आणि अफवा तीच, की मेला. तो मेला नव्हता. त्याच वर्षी डेट्रॉइटला ३४ माणसं गेली, त्यात २५ कृष्णवर्णीय, आणि त्यातली १७ पोलिसांच्या हातून.

वॉट्स आपल्याकडे थोडंफार ऐकून माहीत असतं. ही लॉस एंजेलिसमधली कृष्णवर्णीयांची वस्ती. ऑगस्ट १९६५, दारू पिऊन गाडी चालवतो म्हणून एका तरुणाला थांबवलं, आई धावत आली, झटापट झाली, गर्दी जमली, आणि सहा दिवसांत ३४ मृत्यू. शहराच्या पोलीसप्रमुखाने जमावाला प्राणिसंग्रहालयातल्या माकडांची उपमा दिली, जाहीरपणे. मतदानाच्या हक्काच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी सही करून तेव्हा आठवडासुद्धा झाला नव्हता, त्यामुळे गोऱ्या अमेरिकेला कळेचना की हक्क दिले तरी हे कशाला चिडलेत. पण वॉट्समधल्या माणसाला मत देण्यापासून कोणी अडवत नव्हतं, त्याला रोज रस्त्यात अडवत होते. मला वाटतं या सगळ्या वादातली गाठ इथेच आहे, कायदा वॉशिंग्टनमध्ये बदलतो आणि रस्त्यावर सरकार म्हणजे कोपऱ्यावरची पोलीस गाडी.

याच चिडीतून ऑक्टोबर १९६६ मध्ये ओकलंडला ब्लॅक पँथर पार्टी निघाली. तिचं पहिलं काम हेच, की पोलीस कोणाला थांबवत असतील तिथे अंतर राखून उभं राहायचं, हातात बंदूक आणि कायद्याचं पुस्तक, आणि बघत राहायचं. तेव्हा कॅलिफोर्नियात उघड बंदूक बाळगणं कायदेशीर होतं, पँथर्समुळे १९६७ मध्ये तो कायदाच बदलला. आपल्याकडे १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आणि त्यांचे मित्र ‘दलित पँथर’ म्हणून उभे राहिले ते नाव तिथूनच आलं. त्याही आधी, १९४६ मध्ये, बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रसंघाकडच्या अर्जाची प्रत मागितली होती. म्हणजे हा आपला विषय नाही असं निदान मराठी माणसाने तरी म्हणू नये.

आता १९६७. जुलैमध्ये नेवार्कला पोलिसांनी एका कृष्णवर्णीय टॅक्सीवाल्याला मारहाण करून ठाण्यात नेलं, पुन्हा ‘मेला’ची अफवा, २६ मृत्यू. दहा दिवसांत डेट्रॉइट. तिथे पहाटे एका विनापरवाना दारूच्या अड्ड्यावर धाड पडली, व्हिएतनामवरून परत आलेल्या दोघांसाठी पार्टी चालू होती, पोलिसांना वाटलं पंधरावीस जण असतील, निघाले ऐंशीच्या वर, सगळ्यांनाच गाड्यांत भरायला घेतलं. पाच दिवस, ४३ मृत्यू, त्यातले बहुतेक पोलीस आणि नॅशनल गार्डच्या (राज्याच्या राखीव सैन्याच्या) गोळ्यांनी, सात हजारांवर अटक, आणि शेवटी रस्त्यावर लष्कर. शहर जळत असतानाच जॉन्सननी इलिनॉयचे गव्हर्नर ऑटो कर्नर यांच्या अध्यक्षतेखाली अकरा जणांचा आयोग नेमला. त्यात कोणी क्रांतिकारक नव्हते, खासदार, उद्योगपती, कामगार नेता, अटलांटाचे पोलीसप्रमुख अशी चांगली मध्यममार्गी मंडळी, कृष्णवर्णीय फक्त दोन. जॉन्सनना संशय होता की यामागे कोणाचा तरी कट असणार.

फेब्रुवारी १९६८ च्या शेवटी अहवाल आला आणि त्यात कट वगैरे काही नव्हतं. आपला देश दोन समाजांकडे चाललाय, एक काळा आणि एक गोरा, वेगळे आणि असमान, हे त्यातलं वाक्य जगभर गाजलं. वस्त्या अशा का आहेत तर गोऱ्या संस्थांनी त्या तशा निर्माण केल्या, त्याच सांभाळतात आणि गोरा समाज ते चालवून घेतो, इतक्या स्पष्ट शब्दांत सरकारी कागदावर कोणी याआधी लिहिलं नव्हतं. पोलिसांबद्दल आयोगाने म्हटलं की ठिणगी बहुतेक ठिकाणी पोलिसांच्या एखाद्या साध्या कारवाईची असते, पण तेवढ्यावर भागत नाही, कारण वस्तीतल्या अनेकांना पोलीस म्हणजेच गोरी सत्ता वाटते.

या अहवालात मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी साक्ष आहे ती डॉ. केनेथ क्लार्क यांची. हे मानसशास्त्रज्ञ, शाळांमधल्या वर्णभेदाच्या १९५४ च्या निकालात ज्यांच्या संशोधनाचा उल्लेख आहे ते. ते आयोगासमोर म्हणाले की मी १९१९ च्या शिकागोचा अहवाल वाचतो तेव्हा ३५ च्या हार्लेमचा वाचतोय असं वाटतं, मग ४३ च्या हार्लेमचा, मग वॉट्सचा, तेच विश्लेषण, त्याच शिफारशी आणि तीच निष्क्रियता. आयोगाने ही साक्ष स्वतःच्याच अहवालात छापली. कौतुक वाटतं आणि पोटात गोळाही येतो.

अहवाल पुस्तक म्हणून लाखांनी खपला. जॉन्सननी मात्र अहवालाचं स्वागतही धड केलं नाही, व्हिएतनाममध्ये पैसा ओतला जात होता आणि इकडे घरं, नोकऱ्या, शाळांसाठी प्रचंड खर्च मागितला होता. महिनाभरात, ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला आणि शंभरहून जास्त शहरं पेटली. जूनमध्ये जो मोठा कायदा झाला तो पोलिसांना पैसे आणि साधनं पुरवण्याचा. त्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाने ‘टेरी’ खटल्यात सांगितलं की वाजवी संशय असेल तर पोलीस थांबवून वरवर झडती घेऊ शकतात, आणि आदल्याच वर्षी पोलिसांना वैयक्तिक नुकसानभरपाईच्या दाव्यांतून बरंचसं संरक्षण देणारा निकालही आलेला होता. निक्सन ‘कायदा आणि सुव्यवस्था’ म्हणत निवडून आले. थोडक्यात अहवालातलं औषध बाजूला राहिलं आणि भलतंच औषध दिलं गेलं. ‘टेरी’चं टोक बघायचं तर न्यूयॉर्क, तिथे एकट्या २०११ मध्ये पोलिसांनी ६,८५,७२४ वेळा लोकांना रस्त्यात थांबवलं, दहातल्या जवळपास नऊ वेळा काहीच निघालं नाही, आणि २०१३ मध्ये कोर्टाने तो प्रकार घटनाबाह्य ठरवला.

१९९१ पासून कॅमेरा आला. रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला लॉस एंजेलिसमध्ये पोलीस मारत असताना समोरच्या बाल्कनीतून एकाने शूट केलं आणि लोकांना वाटलं आता तरी सुटका नाही. २९ एप्रिल १९९२ ला चारही पोलीस त्या मारहाणीच्या आरोपातून सुटले, शहरात दंगल उसळली आणि साठाहून जास्त माणसं मेली. काकांचा दुकानांचा प्रश्न इथे सगळ्यात बोचतो, कारण कोरियन लोकांची दोन हजारांवर दुकानं उद्ध्वस्त झाली. त्यामागे लताशा हार्लिन्स होती, १५ वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी, ज्यूसच्या बाटलीवरून झालेल्या भांडणात कोरियन दुकानदार बाईने तिला गोळी घातली आणि कोर्टाने एक दिवसही तुरुंगात न पाठवता सोडलं. यात एकाचंही नुकसान मला क्षुल्लक वाटत नाही, ज्या कुटुंबाने आयुष्यभर बारा बारा तास उभं राहून दुकान चालवलं त्याचा दोष काय होता? आणि पोलीस तेव्हा कोरियाटाउन सोडून गेले होते, ही तिथल्या लोकांची तक्रार आजही आहे.

फर्ग्युसन मात्र नीट वाचावं असं आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये मिसुरी राज्यातल्या या छोट्या गावात पोलिसाच्या गोळीने १८ वर्षांचा कृष्णवर्णीय मायकल ब्राउन गेला, मृतदेह चार तास भर रस्त्यात पडून होता. केंद्राच्या न्याय खात्याने मार्च २०१५ मध्ये दोन अहवाल दिले. एकात म्हटलं की त्या पोलिसावर खटला भरण्याइतका पुरावा नाही, आणि ‘हात वर केले होते’ हे सांगणाऱ्या साक्षी टिकत नाहीत. हे आंदोलनाच्या बाजूच्या लोकांनीही मान्य करायला हवं. दुसरा अहवाल मात्र भयंकर आहे. गावाचा कारभारच दंडावर चालत होता, अर्थखात्याचे अधिकारी पोलीसप्रमुखांना मेल करून जास्त पावत्या फाडायला सांगत होते. कृष्णवर्णीय लोकसंख्या ६७ टक्के, पण पावत्यांमध्ये वाटा ९० टक्के आणि अटकेत ९३. एका बाईने २००७ मध्ये गाडी चुकीची लावली, १५१ डॉलर अधिक फी एवढा दंड, सात वर्षांत तिने ५५० डॉलर भरले, सहा दिवस तुरुंगात काढले आणि तरी ५४१ डॉलर बाकीच. दंड नाही भरला की अटक, हे आपण वर वाचलंय ना, १८६५ नंतरचं.

म्हणून २५ मे २०२० ला जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर ९ मिनिटं २९ सेकंद पोलिसाचा गुडघा राहिला तेव्हा लोक फक्त तेवढ्यासाठी रस्त्यावर आले नव्हते. पोलिसांच्या पहिल्या प्रेस नोटचा मथळा होता की पोलिसांशी संबंध आला असताना ‘वैद्यकीय घटने’मुळे एकाचा मृत्यू. १७ वर्षांच्या एका मुलीने फोनवर शूट केलं नसतं तर तीच नोट इतिहास झाली असती. पुढचे मोर्चे बहुतांशी शांततेत निघाले, पण जाळपोळही झाली, त्यात मिनियापोलिसच्या लेक स्ट्रीटवरची स्थलांतरितांची दुकानं गेली, एका बांगलादेशी कुटुंबाचं ‘गांधी महल’ नावाचं हॉटेल गेलं. त्या पोलिसाला २०२१ मध्ये साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली. फ्लॉइडच्या नावाचं पोलीस सुधारणांचं विधेयक प्रतिनिधिगृहात पास होऊन सिनेटमध्ये अडकलं. ‘पोलिसांचा पैसा काढा’ ही घोषणा बरीच गाजली, पण पोलीस खातं बदलून नवं खातं आणायचा प्रस्ताव खुद्द मिनियापोलिसच्या मतदारांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये नाकारला, कारण गुन्हे वाढत होते आणि वस्तीतल्या कित्येकांना पोलीस हवेच होते, फक्त माणसासारखं वागवणारे.

आणि अहवाल? तो आलाच. जून २०२३ मध्ये न्याय खात्याने मिनियापोलिसच्या पोलिसांबद्दल लिहिलं की बळाचा अवाजवी वापर होतो, कृष्णवर्णीय आणि मूळनिवासी लोकांशी भेदभाव होतो. जानेवारी २०२५ मध्ये त्यावरून कोर्टाच्या देखरेखीखाली सुधारणा करण्याचा करार झाला. मे २०२५ मध्ये, फ्लॉइडच्या पाचव्या स्मृतिदिनाच्या चारच दिवस आधी, नव्या सरकारच्या न्याय खात्याने त्यातून अंग काढून घेत असल्याचं जाहीर केलं. आता मिनेसोटा राज्याच्या मानवी हक्क विभागाने शहराशी केलेला वेगळा करार तेवढा लागू आहे.