तरणतलाव बुजवणे, निवासी

तरणतलाव बुजवणे, निवासी : बंगला, रो-हाउस किंवा गृहसंकुल यांच्या आवारातील वापरातून गेलेला तरणतलाव रिकामा करणे, त्याचे कवच (तळ व भिंती) पूर्णतः वा अंशतः फोडणे, खड्डा भरून दाबणे आणि ती जागा पुन्हा अंगण वा बाग म्हणून वापरात आणणे या कामांना मिळून ही संज्ञा लावतात. प्रस्तुत नोंद ठाणे व नवी मुंबई या शहरांतील परिस्थितीपुरती आहे. मासुंदा, कचराळी, उपवन यांसारख्या सार्वजनिक तलावांना वेगळे नियम लागू होतात. त्यांचा येथे विचार केलेला नाही.

ठाण्यात येऊरच्या उतारावरील बंगले व घोडबंदर रस्त्यालगतची संकुले, तर नवी मुंबईत बेलापूरची पारसिक टेकडी, नेरुळ व खारघर येथील बंगल्यांचे भूखंड या भागांत खाजगी तलाव आढळतात. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको महामंडळाची स्थापना १९७० मधील असली, तरी निवासी तलावांची पद्धत या पट्ट्यात १९९० नंतर संकुलांची वाढ झाली तेव्हा रुळली असे म्हणता येईल; बंगल्यांतील काही तलाव त्यापूर्वीचे असावेत. बुजवण्याची कारणे सर्वपरिचित आहेत : गळती, गाळणयंत्राचा व विजेचा खर्च, पाणीटंचाई, मुले मोठी होऊन घराबाहेर पडणे. वापर थांबलेल्या तलावात साचणारे पावसाचे पाणी हे डासांचे पैदासस्थान ठरते. डेंग्यूचा वाहक एडीस इजिप्ती स्वच्छ साठ्यात, तर क्युलेक्स घाण पाण्यात वाढतो. त्यामुळे तलाव हिरवा पडला म्हणून धोका टळतो असे नाही.

कवचाचे प्रकार : या परिसरातील बहुतेक निवासी तलाव साच्यात ओतलेल्या आरसीसीचे (सळ्या घातलेल्या काँक्रीटचे) आहेत. जुन्या बंगल्यांत विटांच्या वा दगडी भिंती, आतून ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा जलरोधक थर) आणि त्यावर मोझॅक किंवा चकचकीत टाइल अशी रचनाही दिसते. फायबरग्लासचे तयार तलाव तुलनेने कमी असून ते क्रेनने अखंड उचलून काढता येतात. चौथा प्रकार गुनाइटचा, म्हणजे हवेच्या दाबाने नळीतून फवारलेल्या सिमेंट-वाळूच्या मिश्रणाचा.

गुनाइटच्या उगमाबद्दल दोन मते आढळतात. फवारणीचे यंत्र शिकागो येथील फील्ड म्यूझियममध्ये प्राणी पेंढा भरून मांडणारे कार्ल एकली यांनी १९०७ च्या सुमारास तयार केले आणि १९११ मध्ये त्याचे पेटंट घेतले, याबद्दल वाद नाही. मोठ्या प्राण्यांच्या प्रतिकृतींचे सांगाडे लिंपण्यासाठी ते बनवले, असे लोकप्रिय लेखनात सांगतात. दुसऱ्या मतानुसार म्यूझियम तेव्हा १८९३ च्या जागतिक प्रदर्शनासाठी उभारलेल्या इमारतीत होते, तिच्या दर्शनी भागाचा गिलावा ढासळू लागला होता आणि त्याच्या डागडुजीसाठी ही युक्ती निघाली. एकलींचा व्यवसाय पाहता पहिली कथा चपखल वाटते खरी. पण यंत्राचा आकार आणि फवाऱ्याचा जोर ध्यानात घेता दुसरे मत अधिक ग्राह्य दिसते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत परसातील तलावांची लाट आली तिच्यामागे हे तंत्र होते, कारण वक्राकार खड्ड्याला साचा लावावा लागत नाही. तोडकामाच्या दृष्टीने फरक असा की, ओतीव काँक्रीटची भिंत तळाशी असलेल्या सांध्यापाशी सुटी होते. गुनाइटचे कवच भिंत-तळ एकसंध असल्याने ब्रेकरखाली (काँक्रीट फोडण्याच्या यंत्राखाली) मोठमोठ्या पाट्यांत तडकते आणि आतील सळ्या कापल्याशिवाय हलत नाही.

भूजलाचा उचल-दाब : तलाव कधी रिकामा करायचा हा या कामातला सर्वांत नाजूक निर्णय असून ठेकेदार त्याकडे सर्वांत कमी लक्ष देतात. रिकामे कवच ही जमिनीत रुतलेली नाव असते. भोवतालचे भूजल चढले की, आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार विस्थापित पाण्याच्या वजनाइतके उत्प्लावक बल तिला वर ढकलते. उदाहरणार्थ, आतून ८ मी. लांब, ४ मी. रुंद व १.५ मी. खोल आणि सर्वत्र २० सेंमी. जाडीचा आरसीसी तलाव घेतल्यास त्यातील काँक्रीट सु. १४.८ घ.मी. व वजन सु. ३७ टन भरते. बाहेरील मापाने हे कवच सु. ६३ घ.मी. जागा व्यापते, म्हणजे भूजल जमिनीच्या पृष्ठापर्यंत आले तर वरची ओढ ६३ टन होते. भिंतीला मातीचे घर्षण सोडून दिल्यास, भूजल कवचाच्या तळापासून सु. १ मी. वर आले की दोन्ही बले सारखी होतात. त्यापुढे तळ तडकतो, एक कोपरा वर येतो किंवा आख्खे कवच काही सेंमी. उचलले जाते आणि त्याबरोबर भोवतालची फरशी व नळही उखडतात. काही तलावांच्या तळाशी दाब सोडणारी झडप बसवलेली असते. मात्र दहा-पंधरा वर्षांच्या तलावात ती क्षाराने घट्ट बसलेली असण्याचीच शक्यता अधिक.

ठाणे परिसरात वर्षाला सु. २,५०० मिमी. पाऊस पडतो व तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. त्यामुळे पावसाळ्यात किंवा त्यानंतर लगेच तलाव उपसणे धोक्याचे. जानेवारीनंतर पातळी उतरलेली असताना उपसा करावा आणि उपसल्याबरोबर तळाला भोके पाडावीत. रिकामे कवच तसेच ठेवून महिनाभर मजुरांची वाट पाहू नये.

तोडकामाची व्याप्ती : पूर्ण निष्कासनात भिंती, तळ, नळ व पंपघर सर्व काढतात. अंशतः पद्धतीत भिंतींचा वरचा ०.६ ते ०.९ मी. भाग फोडतात, तळाला जागोजाग भोके पाडतात, फुटलेले काँक्रीट खाली पसरतात व वर भराव करतात. अंशतः पद्धत स्वस्त असून जेसीबी आत जाईल एवढी वाट नसलेल्या रो-हाउसमध्ये अनेकदा तीच शक्य असते. पुढेमागे तेथे बांधकाम करायचे असल्यास पूर्ण निष्कासनाला पर्याय नाही, याबद्दल मतैक्य आहे. मतभेद आहे तो भोकांच्या उपयोगाबद्दल. परदेशी मार्गदर्शिकांचा आधार घेणारे तळाला भोके पाडली की निचरा झाला असे मानतात. हे गृहीतक वालुकामय जमिनीवरचे आहे. ठाणे-नवी मुंबईच्या दोन्ही प्रकारच्या जमिनींत ते तोकडे पडते.

येऊर व पारसिक येथील तलाव बेसाल्टच्या कातळात किंवा त्यावरील मुरमात खोदलेले असतात. कातळात कोरलेल्या खड्ड्याला भोक पाडले तरी खाली कातळच असतो. पावसाचे पाणी भरावात मुरते, कडेने निसटत नाही आणि वरची हिरवळ सप्टेंबरपर्यंत कुजते. येथे खड्ड्याच्या सर्वांत खोल टोकापासून उताराच्या दिशेने खडी भरलेला चर, त्यात सच्छिद्र नळ, असा निचरामार्ग काढणे हाच खात्रीचा उपाय होय. सपाट आवारात उतार मिळत नसेल तर खडीची विहीर करून तीत पंप सोडावा लागतो.

नवी मुंबईच्या खाडीकाठच्या भागांत भरावाखाली कित्येक मीटर जाडीची मऊ सागरी चिकणमाती आहे. येथे भोके उचल-दाब सोडवण्यासाठी आवश्यकच. निचरा मात्र त्यांतून नाममात्र होतो. शिवाय भाराचा प्रश्न उद्भवतो. वर उदाहरणादाखल घेतलेला तलाव पाण्याने भरलेला असताना जमिनीवर दर चौ.मी. सु. २.३ टन भार देतो. तेच कवच न काढता त्यात दाबलेला मुरूम (दर घ.मी. सु. १.९ टन) भरला तर भार सु. ३.५ टनांवर, म्हणजे निम्म्याने वर जातो. या वाढीव भाराखाली चिकणमातीतील पाणी हळूहळू पिळून निघते आणि जागा काही वर्षे खचत राहते. वरचा भराव कितीही चांगला दाबला तरी हे खचणे थांबत नाही. शेजारच्या घराचा पाया उथळ असेल तर त्याकडेही पाहावे लागते.

भराव व दाबणी : वरील मापाचा खड्डा भरण्यास दाबलेल्या स्थितीत सु. १७ ब्रास (१ ब्रास = १०० घनफूट, सु. २.८३ घ.मी.) माल लागतो, मुरूम दाबल्यावर बसत असल्याने सुटा माल २१-२२ ब्रास मागवावा लागतो. चांगला मुरूम मुठीत दाबला तर गोळा होतो आणि बोटाने टोचल्यावर फुटतो. हाताला चिकटून राहिला तर त्यात चिकणमाती जास्त आहे. काळी माती ओलाव्याने फुगते व उन्हाने भेगाळते, म्हणून ती भरावात वर्ज्य.

भराव १५ ते २० सेंमी.च्या थरांनी घालतात. प्रत्येक थर योग्य तेवढा ओला करून धुम्मसाने किंवा सपाट पाट्याच्या कंपन-यंत्राने (प्लेट कॉम्पॅक्टरने) दाबतात. या शास्त्राचा पाया लॉस अँजेलिस येथील अभियंते राल्फ प्रॉक्टर यांनी १९३३ मध्ये घातला : ठराविक ठोक्यांखाली मातीची घनता ओलाव्याबरोबर वाढत जाते, एका टप्प्यावर कमाल होते आणि मग घटते. माती-चाचण्यांचे भारतीय मानक आयएस २७२० याच्या सातव्या भागातील हलक्या दाबणीच्या चाचणीत १,००० घ.सेंमी.च्या साच्यात तीन थर, प्रत्येक थराला २.६ किग्रॅ. वजनाचे ३१० मिमी. उंचीवरून २५ ठोके असे प्रमाण आहे. जागेवर याच्या ९५ टक्के घनता मिळावी अशी अट सामान्यतः घालतात. ती तपासण्याची वाळू-भरण पद्धत (भाग २८) साधी आहे : दाबलेल्या थरात पातेलीएवढा गोल खड्डा कोरायचा, निघालेली माती कणही न सांडता तोलायची, मग त्या खड्ड्यात घनता माहीत असलेली कोरडी वाळू सोडायची. किती वाळू मावली यावरून खड्ड्याचे घनफळ निघते. मातीचा ओलावा वजा करून कोरडी घनता काढतात.

व्यवहारात बंगल्याच्या कामावर ही चाचणी क्वचितच होते. त्याऐवजी खड्डा एकदम भरून रात्रभर पाइप सोडून ठेवण्याची, ‘पाणी मारून बसवण्याची’ रीत प्रचलित आहे. निव्वळ वाळूच्या भरावाला ती चालते. मुरमाला चालत नाही. बारीक माती पाण्याबरोबर खाली जाऊन बसते, खड्यांमध्ये पोकळ्या राहतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात तलावाचा जुना आकार हिरवळीवर खोलगट होऊन उमटतो.

पोडियमवरील तलाव : संकुलांतील अनेक तलाव वाहनतळाच्या छतावर असतात. तेथे उचल-दाब नसतो. उलट छताच्या क्षमतेचा प्रश्न येतो. १.२ मी. पाण्याचा भार दर चौ.मी. १.२ टन असतो, तेवढ्याच उंचीच्या ओल्या मातीचा २.२ टनांपलीकडे जातो. तेव्हा असा तलाव मातीने भरणे हा गंभीर प्रमाद होय. थर्माकोलचे ठोकळे रचून वर पातळ मातीथर घालणे किंवा तलावाच्या पोकळीवर हलका डेक टाकणे, हे दोनच मार्ग सुरक्षित. दोन्हींसाठी संरचना अभियंत्याचा दाखला घ्यावा. संस्थेच्या सर्वसाधारण सभेचा ठराव याआधी व्हावा लागतो.

पाणी, डेब्रिज व परवानग्या : क्लोरीनयुक्त पाणी झाडांना व पर्जन्यजल-नाल्यातील जलचरांना घातक असल्याने ते काही दिवस उन्हात तसेच ठेवून मगच सोडावे, घाई असल्यास क्लोरीन घालवण्यास सोडियम थायोसल्फेट वापरतात. तोडकामातील कचऱ्यास बांधकाम व पाडकाम कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ लागू झाले. त्यांत दिवसाला २० टन किंवा महिन्याला एका प्रकल्पात ३०० टन कचरा करणाऱ्यांवर काँक्रीट, माती, विटा-चुना आणि लोखंड-लाकूड-प्लॅस्टिक असे वर्गीकरण बंधनकारक केले होते. एखाद्या बंगल्याचा तलाव सहसा त्या मर्यादेपर्यंत पोहोचत नाही. तरी सळ्या भंगारात व स्वच्छ काँक्रीट खड्ड्याच्या तळाशी, असे केल्यास बाहेर न्यायचे डेब्रिज निम्म्याहून कमी होते. ते रात्री खाडीकिनारी कांदळवनात ओतण्याचा प्रकार नवी मुंबईत जुना आहे. कांदळवनांची नासधूस मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अंतरिम आणि २०१८ मध्ये अंतिम आदेशाने रोखली आहे. मुरूम हे गौण खनिज असल्याने गाडीबरोबर वाहतूक परवाना असल्याची खात्री मालकाने करून घ्यावी. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असून त्याच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना डिसेंबर २०१६ मधील आहे. तेथे झाड तोडणे वा मोठे खोदकाम यांसाठी आधी विचारणा आवश्यक. सिडकोने भूखंड मुळात भाडेपट्ट्याने दिलेले आहेत, हेही ध्यानात ठेवावे.

अंगणाची पुनर्रचना : भराव होळीपर्यंत पुरा करून एक पावसाळा तो तसाच बसू द्यावा, जागा कडेपेक्षा थोडी उंच ठेवावी आणि दसऱ्यानंतर खचलेला भाग भरून घेऊन मगच लाल माती व शेणखत यांचा ३० सेंमी. थर द्यावा. हिरवळ, तगर, जास्वंद, केळी यांना एवढे पुरते. आंबा-फणसासारखी झाडे मूळ खड्ड्याच्या बाहेर लावावीत. अंशतः निष्कासन झाले असल्यास उरलेल्या भिंतींची खोली व निचरा-चराची दिशा दाखवणारा आराखडा घराच्या कागदपत्रांत ठेवावा. पुढील खरेदीदाराला बोअरवेल किंवा पायासाठी जागा ठरवताना त्याची गरज पडते.