टेकडी चढा, थंडी कमी होते

उंचावर गेलं की गारवा वाढतो, हे आपण शाळेत शिकतो. एक किलोमीटर वर चढलं की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. पण नववर्षाच्या सुमारास पहाटे पुण्याच्या वेताळ टेकडीवर जाणाऱ्यांना अनेकदा उलटा अनुभव येतो. पायथ्याशी, पाषाणच्या बाजूला, बोटं आखडलेली असतात आणि माथ्यावर पोचेपर्यंत कानटोपी काढावीशी वाटते. चढताना अंग तापतं हे खरंच, पण तेवढंच कारण नाही. वरची हवाच खालच्यापेक्षा उबदार असते.

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे आकाश निरभ्र असतं, हवा कोरडी असते. दिवसा तापलेली जमीन रात्रभर आपली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात सोडत राहते. ढग आणि भरपूर बाष्प असतं, तर त्यातली बरीचशी उष्णता जमिनीकडे परत आली असती. इथे ती निघून जाते, आणि त्यासाठी तिला जवळपास तेरा तासांची रात्र मिळते. जमीन गारठते, मग तिला लागून असलेली हवा गारठते. गार हवा जड. वारा पडलेला असेल, तर ती पाण्यासारखी उतारावरून ओघळत सखल भागात जाऊन साचते. तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर राहतो. यालाच हवामानशास्त्रात तापमानाचं व्युत्क्रमण म्हणतात.

याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण महाबळेश्वरचं आहे. गाव सुमारे १,३५० मीटर उंचीवर, तरीही हिवाळ्यात तिथलं किमान तापमान कितीतरी वेळा नाशिक-निफाडपेक्षा जास्त असतं. आणि खुद्द महाबळेश्वरात दवबिंदू गोठल्याची बातमी येते, ती बहुधा वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या परिसरातून. हा भाग गावठाणापेक्षा खोलगट आहे. आजूबाजूच्या उतारांवरची गार हवा रात्रभर तिथे उतरते आणि पहाटे गाड्यांच्या टपांवर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरे हिमकण दिसतात. निफाडच्या द्राक्ष बागायतदारांना मात्र या साचलेल्या थंडीचं कौतुक परवडत नाही. मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून ते ऐन पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबकने पाणी सोडतात.

खाली जड हवा आणि वर हलकी, त्यामुळे दोन्ही एकमेकींत मिसळत नाहीत. शेकोट्यांचा आणि वाहनांचा धूर खालच्याच थरात अडकतो. वेताळ टेकडीवरून सकाळी शहराकडे पाहिलं, तर वरची कड सरळ कापल्यासारखी असलेला करडा पट्टा दिसतो. तो याच थराचा. दमा असलेल्यांनी म्हणूनच भल्या पहाटे नदीकाठच्या सखल रस्त्यावर चालू नये असं मी आग्रहाने सांगेन. उन्हं वर आली, जमीन तापली की हवा ढवळली जाते आणि साधारण नऊ-दहानंतर श्वास घेणं सोपं होतं. (अशा पहाटे दूरच्या रेल्वेचा भोंगा स्पष्ट ऐकू येतो, त्यामागेही हेच थर आहेत. वरच्या उबदार हवेतून आवाज खाली वळतो.)

वाटेतलं गवतही या थंडीच्या हिशेबाने चालतं. पँटला चिकटणाऱ्या कुसळांकडे एकदा नीट पाहा. कुसळी गवताच्या बीला लांब शेपटी असते. ती कोरडी झाली की पीळ घेते, ओली झाली की पीळ सोडते. पहाटेचं दव आणि दुपारचं कोरडं ऊन यांच्या आलटून-पालटून येण्याने ही शेपटी फिरत राहते आणि टोकदार बी जमिनीत शिरत जातं. पाऊस पडायला अजून पाच महिने असतात, पण पेरणी आत्ताच सुरू झालेली असते.

जाणार असाल तर एक साधा तापमापक खिशात ठेवा. सूर्योदयाआधी पायथ्याशी पाच मिनिटं थांबून नोंद घ्या, मग माथ्यावर. तापमापक हातात धरू नका, फांदीला टांगा. पुण्यात जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्योदय रोज थोडा थोडा उशिराच होत जातो, त्यामुळे फार लवकर उठावं लागणार नाही. रात्री वारा असेल किंवा आभाळ भरलेलं असेल, तर फरक जवळजवळ दिसणार नाही; रात्र स्वच्छ आणि स्तब्ध गेली असेल, तर वरचा आकडा खालच्याहून मोठा येण्याची शक्यता बरीच आहे.