स्मृती मंधाना : सुरुवातीची कारकीर्द

मंधाना, स्मृती : (जन्म १८ जुलै १९९६). भारतीय महिला क्रिकेट संघाची डावखुरी सलामीवीर. जन्म मुंबईचा, पण ती दोन वर्षांची असताना कुटुंब सांगलीजवळच्या माधवनगरला आले आणि शाळा, सराव, पहिले सामने हे सगळे तिथूनच सुरू झाले. म्हणून महाराष्ट्राला ती सांगलीचीच. या नोंदीत तिचा आरंभीचा काळ घेतला आहे : सिमेंटच्या खेळपट्टीवरच्या सरावापासून मार्च २०१९ मध्ये भारताच्या ट्वेंटी-२० संघाचे नेतृत्व करेपर्यंतचा. हीच वर्षे भारतातल्या बायकांच्या क्रिकेटलाही निर्णायक ठरली. ज्या खेळातून पोट भरेल असे कुणी मुलीला सांगत नव्हते, तो याच काळात पूर्णवेळ व्यवसाय झाला.

सांगलीला क्रिकेट नवे नाही. भारताला १९५२ मध्ये पहिला कसोटी विजय मिळवून देणारे कर्णधार विजय हजारे यांचा जन्म इथलाच, १९१५ चा. पुढे ते बडोद्याकडून खेळले. तरीही हळदीच्या आणि द्राक्षांच्या या मुलखातल्या मुलीने बॅट हातात धरणे ही वेगळी गोष्ट होती. मंधाना कुटुंबात ती घरातूनच आली. वडील आणि थोरला भाऊ दोघेही सांगली जिल्ह्याकडून खेळलेले. भाऊ महाराष्ट्राच्या सोळा वर्षांखालील स्पर्धा खेळत असे. त्याचा खेळ पाहूनच आपणही खेळायचे, असे स्मृतीने ठरवले. जेवण, लिखाण अशी रोजची कामे ती उजव्या हाताने करते, फलंदाजी मात्र डाव्या हाताने. वडिलांना डावखुऱ्या फलंदाजांचे भारी कौतुक, आणि मुलांनी तोच हात उचलला. आज ज्या कव्हर ड्राइव्हसाठी प्रेक्षक जागेवरून उठतात, त्याचे मूळ या घरगुती आवडीत आहे.

प्रशिक्षक अनंत तांबवेकर यांच्या हाताखाली शाळा सुटल्यावर सराव चाले, तो टर्फवर, म्हणजे माती-गवताच्या खेळपट्टीवर, नव्हे तर सिमेंटच्या खेळपट्टीवर. लहान गावांतल्या खेळाडूंचे हे नेहमीचे दुखणे आहे. सिमेंटवर चेंडू सरळ आणि वेगाने येतो, उसळी एकसारखी असते. फटका वेळेवर बसवायची सवय तिथे लवकर लागते. टर्फवर मात्र तोच चेंडू थांबून येतो, आत-बाहेर वळतो, आणि जमलेली लय बिघडते. स्मृतीच्या फटक्यांतली सहजता आणि सुरुवातीच्या वर्षांत स्विंग होणाऱ्या चेंडूपुढे अधूनमधून उडालेली तारांबळ, या दोन्हींचा धागा त्या सिमेंटपर्यंत जात असावा.

वयाच्या नवव्या वर्षी ती महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालील संघात आणि अकराव्या वर्षी एकोणीस वर्षांखालील संघात निवडली गेली. हे आकडे कौतुकाने सांगितले जातात, पण त्यांचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. अकरा वर्षांच्या मुलीने अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलींसोबत प्रवास करायचा, नेटमध्ये त्यांची गोलंदाजी खेळायची आणि प्रत्यक्ष सामन्यात बऱ्याचदा राखीव म्हणून बसायचे. ही वाट पाहणेही उमेदवारीच होती. शिवाय काळ अनुकूल होता. भारतीय महिला क्रिकेट संघटना १९७३ पासून तुटपुंज्या पैशांत हा खेळ जगवत आली होती; २००६ मध्ये ती भारतीय क्रिकेट नियामक मंडळात विलीन झाली. स्मृतीची पिढी मंडळाच्या छायेत वाढलेली पहिली पिढी. आधीच्या खेळाडूंनी रेल्वेच्या बिनआरक्षित डब्यांतून जे प्रवास केले, त्यांचे ऋण या पिढीवर आहे.

आंतरराष्ट्रीय पदार्पण एप्रिल २०१३ मध्ये, बांगलादेशाविरुद्ध झाले : ५ एप्रिलला वडोदऱ्यात ट्वेंटी-२० आणि १० एप्रिलला अहमदाबादेत एकदिवसीय. तिला सतरावे वर्षही पुरे झाले नव्हते. देशाकडून खेळून आल्यावर ती पुन्हा एकोणीस वर्षांखालील स्पर्धेत उतरली, आणि तिचे नाव घरोघर पोहोचवणारी खेळी तिथे झाली. ऑक्टोबर २०१३ मध्ये पश्चिम विभागाच्या स्पर्धेत गुजरातविरुद्ध तिने महाराष्ट्राकडून १५० चेंडूंत नाबाद २२४ धावा केल्या. एकदिवसीय सामन्यात द्विशतक करणारी ती पहिली भारतीय स्त्री. मैदान वडोदऱ्याचे अलेम्बिक, म्हणजे हजाऱ्यांच्याच बडोद्यातले. हातातली बॅट होती राहुल द्रविडची. त्याने ती स्मृतीच्या भावाला भेट दिली होती आणि भावाकडून ती बहिणीकडे आली.

कसोटी पदार्पणाचा सामना तिच्या आरंभीच्या काळातला सर्वांत सुंदर सामना म्हणावा लागेल. ऑगस्ट २०१४, इंग्लंडमधले वर्म्सली. भारताचा महिला संघ २००६ नंतर प्रथमच कसोटी खेळत होता आणि अकरांतल्या आठ जणींचे ते पदार्पण होते. इंग्लंडचा पहिला डाव ९२ धावांत आटोपला, भारताचा ११४ मध्ये. चौथ्या डावात १८१ धावा हव्या होत्या. पहिल्या डावात २२ करणाऱ्या स्मृतीने तिरुष कामिनीबरोबर सलामीला भक्कम भागी रचली आणि ५१ धावा केल्या. मग मिताली राजने नाबाद ५० करून सामना सहा गड्यांनी जिंकून दिला. आठ वर्षे ज्यांना हा खेळ खेळायलाच मिळाला नव्हता, त्यांनी इंग्लंडला त्यांच्या घरी हरवले. मराठी वर्तमानपत्रांच्या क्रीडापानावर या विजयाला आणखी मोठी जागा मिळायला हवी होती.

या टप्प्यापर्यंत भारतीय महिला खेळाडूंना वार्षिक करार नव्हते. ते २०१५ मध्ये प्रथम आले. अव्वल श्रेणीला वर्षाला १५ लाख रुपये. २०१८ मध्ये ही रक्कम ५० लाख झाली आणि तेव्हा अव्वल श्रेणीतल्या चौघींत मिताली राज, झुलन गोस्वामी व हरमनप्रीत कौर यांच्यासोबत स्मृती होती. पुरुषांच्या रकमांशी तुलना केली तर हे पैसे थोडे होते. पण नोकरी की खेळ हा प्रश्न पहिल्यांदाच खेळाच्या बाजूने सुटू लागला, आणि माधवनगरसारख्या ठिकाणच्या पालकांना मुलीला नेटवर पाठवायला एक ठोस कारण मिळाले.

फेब्रुवारी २०१६ मध्ये होबार्टला ऑस्ट्रेलियाविरुद्ध तिने १०९ चेंडूंत १०२ धावा केल्या. हे पहिले आंतरराष्ट्रीय शतक, सामना मात्र भारत हरला. त्या वर्षीच्या आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या सर्वोत्तम संघात ती एकटीच भारतीय होती. त्याच वर्षी मंडळाने महिलांना परदेशी लीगमध्ये खेळायची परवानगी दिली आणि ब्रिस्बेन हीटने तिला करारबद्ध केले. ऑस्ट्रेलियाच्या बिग बॅश लीगशी करार करणाऱ्या पहिल्या दोन भारतीय स्त्रिया म्हणजे ती आणि हरमनप्रीत. तिथे धावा फारशा झाल्या नाहीत, आणि जानेवारी २०१७ मध्ये क्षेत्ररक्षण करताना पडून गुडघ्याचा अस्थिबंध तुटला.

या दुखापतीमुळे विश्वचषकाची पात्रता फेरी आणि दक्षिण आफ्रिकेतली चौरंगी मालिका हुकली. सुमारे पाच महिने सामन्याविना गेले. जूनमध्ये इंग्लंडमधल्या विश्वचषकासाठी संघात घेतले गेले ते सरावाच्या जोरावर आणि निवडकर्त्यांच्या विश्वासावर. २४ जूनला डर्बीत यजमान इंग्लंडविरुद्ध तिने ७२ चेंडूंत ९० धावा तडकावल्या. समोर मुंबईची पूनम राऊत, जिने संयमाने ८६ केल्या. दोघींची भागी १४४ धावांची. भारत ३५ धावांनी जिंकला. पाच दिवसांनी टाँटनला वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद १०६.

मग धावांचा झरा आटला. पुढच्या सात डावांत मिळून तिच्या ३६ धावा झाल्या. २३ जुलैला लॉर्ड्सवरच्या अंतिम सामन्यात ती शून्यावर त्रिफळाचीत झाली आणि भारत नऊ धावांनी हरला. देशभर त्या सामन्याने महिला क्रिकेटला प्रेक्षक मिळवून दिले. तिला मात्र त्याने आपल्या खेळातली भेग दाखवली. एकविसाव्या वर्षी एकाच स्पर्धेत एवढी चढ आणि एवढी उतार पाहणे हेच तिच्या घडणीतले मोठे शिक्षण ठरले, असे पुढचे वर्ष पाहता म्हणता येते.

२०१८ हे ते वर्ष. फेब्रुवारीत किंबर्लीला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध आधी ८४ आणि लगेचच्या सामन्यात १३५. याच सामन्यात झुलन गोस्वामीने एकदिवसीय क्रिकेटमधला दोनशेवा बळी घेतला. एप्रिलमध्ये नागपुरात इंग्लंडविरुद्ध पहिल्या सामन्यात ८६. भारत एका गड्याने जिंकला. उन्हाळ्यात इंग्लंडच्या किया सुपर लीगमध्ये वेस्टर्न स्टॉर्मकडून १८ चेंडूंत अर्धशतक, ६० चेंडूंत शतक आणि स्पर्धेत सर्वाधिक धावा. वर्षाअखेरीस आंतरराष्ट्रीय परिषदेने तिला वर्षातली सर्वोत्तम महिला क्रिकेटपटू ठरवले. त्याच वर्षीचा अर्जुन पुरस्कारही तिला जाहीर झाला.

मार्च २०१९ मध्ये हरमनप्रीत जखमी असल्याने गुवाहाटीत इंग्लंडविरुद्धच्या तीन ट्वेंटी-२० सामन्यांसाठी स्मृती कर्णधार झाली. वय २२, भारतीय महिला संघाची या प्रकारातली तोवरची सर्वांत तरुण कर्णधार. तिन्ही सामने भारत हरला. शेवटच्या सामन्यात १२० धावांचा पाठलाग होता. कर्णधाराने ३९ चेंडूंत ५८ करून विजय हाताशी आणून ठेवला. अखेरच्या षटकात तीन धावा हव्या होत्या, झाली एकच. मिताली राज दुसऱ्या टोकाला ३० धावांवर नाबाद राहिली.